‘केंतो’ म्हणजे नाही

सेंदाई, १२ मे १९९६

प्रिय ताई,

इतके दिवस पत्र नाही, माफ कर. रागात लिहायचं नव्हतं. तब्येत ठीक आहे.

सामन माशांच्या कल्ल्यांना चिकटणाऱ्या किड्यावरचा माझा उपाय मान्य झाला, असं मी तुला कळवलं होतं. ते चुकीचं होतं. किडा मोठ्या माशांकडून पिल्लांना लागतो, म्हणून दोघांना वेगळं ठेवा, एवढंच मी सुचवलं. आमच्या मत्स्यकेंद्राचे प्रमुख ओनोदेरा-सान मान लववून म्हणाले, "केंतो शिमासु." म्हणजे विचार करतो. इथे त्याचा अर्थ ‘नाही’ असतो! पिल्लं मरताहेत, हा माणूस हसतोय. मला त्याचा तिटकारा येतो. की माझ्या भाबडेपणाचा?

आईचा गुडघा कसा आहे? तिला यातलं सांगू नकोस.

तुझी,
सरोजिनी

ता. क. उद्या: मोठे मासे दुसऱ्या टाकीत हलवायचे. ओनोदेरांनी थांबायला सांगितलं, तर मान लववून "केंतो शिमासु" म्हणायचं.