फोडणीचा आळ

रविवार, १७ मार्च १९९६
गोडादरा, सुरत

पोरीने आज माझी मान ताठ केली.

धाकटी जाऊ सुनंदा हिच्या दोन्ही मुलांना कांजिण्या आल्यात. थोरल्याला बोटावर मोजण्याइतके फोड. पिंकी मात्र तापाने फणफणलेली, अंगावर तीळ ठेवायला जागा नाही. सासूबाई सुनंदावर बरसल्या, की घरात माता आलेली आणि हिने डाळीला फोडणी दिली, म्हणूनच माता पिंकीवर कोपली! सुनंदा रडायला लागली. पंधरा वर्षांपूर्वी माझी लेक वंदना कांजिण्यांनी अशीच फणफणली, तेव्हा हेच मला ऐकवलं होतं. मी तर फोडणी दिलीही नव्हती. तरी गप्प बसले. का बसले?

माझी वंदना नाही गप्प बसली. एम.एस्सी. उगाच नाही करत. "आजी, विषाणू दोघांना एकच. पण त्याच्याशी लढायची ताकद प्रत्येकाची वेगळी असते, आईबापाकडून आलेल्या जीन्समुळे. आणखीही कारणं असतील, पण फोडणी त्यात नाही. माझ्या वेळीही नव्हती."

सासूबाई उसळल्या, "मंग हाई आमना घरमाईन उनं का?"

"थोडं तुझ्याकडूनही आलं असेल. भांडायची ताकद तर नक्कीच!"

मला हसू आवरेना. आजीसमोर इतकं सरळ बोलणारी ही माझी मुलगी!

संध्याकाळी पानावर बसल्यावर सासूबाई बराच वेळ डाळ कालवत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वंदनाना टाइमले तू फोडनी दिन्ही नव्हती ना?"

"नव्हती," मी म्हणाले.

पंधरा वर्षांत आज पहिल्यांदा विचारलं.