उजव्या बोटाची शाई

चिरंजीवास,

तुझे पणजोबा घड्याळे दुरुस्त करीत, आजोबा छापखान्यात खिळे जुळवीत, वडील बस चालवतात. मत न देणाऱ्याला दंड करणारा हा कायदा नव्हता, तेव्हाही तिघांपैकी कोणी मतदान चुकवले नाही.

सकाळी तू बोट नाचवत म्हणालास, "आजी, मी उरकून आलो बरं का!" तुझ्या आईने कौतुक केले. मी चष्मा पुसला. मतदानाची शाई डाव्या हाताच्या बोटाला लावतात. तुझे उजवे रंगले आहे. रंगवणारा डावखुरा असावा, आणि या घरात डावखुरा एकच आहे.

सक्ती तुला पटत नाही. मलाही पटत नाही. मानगूट धरून घेतलेल्या मताला मी मत म्हणत नाही. पण मग तसे तोंडावर सांगावे आणि खुशाल दंड भरावा. मार्करने बोट रंगवून आजीच्या डोळ्यांत धूळ फेकू नये. हा कायदा मतदार वाढवील की लबाड, अशी शंका मला आता येऊ लागली आहे.

आईला मी काही बोललेले नाही. झोप झाली की शाळेतल्या केंद्रावर ये. कोरी मतपत्रिका टाकलीस तरी विचारणार नाही.

मागच्या निवडणुकीत माझा गुडघा आखडला, तेव्हा तू मला पाठुंगळी घेऊन तिथल्या पायऱ्या चढला होतास. आज मी आपल्या पायांनी चढेन, आणि तू येईपर्यंत माझा नंबर मागच्यांना देत रांगेत उभी राहीन. म्हणजे आपली फिटंफाट.

— आजी