पट्टीवर लावलं ते

७ जुलै, सोमवार
सकाळी साडेदहाला मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात एक मॅडम आल्या आणि संडासाचं चित्र लॅमिनेट करायला दिलं. माझं आयुष्य तिथं बदललं. लोकांचं कुठं गुलमोहराखाली वगैरे बदलतं.

सोबत पाटी, मणी, डबा, झोका अशी चित्रं. भिंगारात विशेष मुलांची छोटी शाळा आहे, तिथं शिकवतात. भिंतीवर चित्रांची पट्टी लावायची, म्हणजे पोरांना कळतं, आता काय, मग काय. मी म्हटलं, "तोंडानं सांगितलेलं कळत नाही का त्यांना?"

"तुम्हाला कळलं होतं का, कॉलेजात?"

मामानं सांगितलेलं दिसतंय. मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडल्याची बातमी हा माणूस झेरॉक्सबरोबर फुकट वाटतो.

नाव प्राजक्ता. इथून पुढं नुसतं प्रा.

१० जुलै, गुरुवार
कार्डं पोचवायला स्वतः गेलो. मागं वेल्क्रोही मीच चिकटवला. मामा म्हणे, "बाकीच्या गिऱ्हाइकांच्या दारात न्हाई जात कधी तू."

पट्टी म्हणजे निव्वळ पोरखेळ. सगळ्यात वर प्रा.चा फोटो, म्हणजे आज शेजारी कोण बसणार. खाली कामं. एक झालं की त्याचं कार्ड उचकटून लाल डब्यात टाकायचं. डब्यावर लिहिलंय, 'झालं'. शेवटी झोका. याला शिक्षण म्हणायचं.

गौरी. आठ वर्षांची, बोलत नाही. हातातलं काम बदललं की जमिनीवर पडून डोकं आपटते. फाटकाशी तिचा बाप टेम्पो लावून उभा. "मोठ्या बाई म्हनल्यात, म्हैनाअखेर वर्गात बसाया लागली न्हाई तर घरीच ठेवा. घरी कोन हाय, दादा? आमी दोघंबी कामाला."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. विशेष मुलांच्या शाळेत विशेष मूल नको. वा!

१६ जुलै
चालली पट्टी. रागच आला. गौरीनं पाटीचं कार्ड काढलं, डब्यात टाकलं आणि आपणहून मण्यांपाशी जाऊन बसली. पूर्ण तास. मी सेकंड इयरला एकही तास असा बसलो नव्हतो.

प्रा. माझ्याकडं बघून हसली. आता रोज जातो मदतीला. मामा बोंबलतोय.

२१ जुलै, सोमवार
झोक्याची साखळी वेल्डिंगला गेलेली. मला माहीत होतं. तरी झोक्याचं कार्ड राहू दिलं. चित्रच तर आहे, त्या आशेवर बसेल. बसली. सगळं केलं. मग कार्ड हातात घेऊन नुसत्या लोखंडी सांगाड्यापुढं उभी राहिली. बराच वेळ. मग माझ्या मनगटाला कडकडून चावली, पट्टी फाडली.

प्रा. : "पट्टीवर लावलं ते झालंच पाहिजे. होणार नसेल तर सकाळीच त्यावर लाल फुली लावून दाखवायचं, आज नाही. तुम्ही खोटं बोललात तिच्याशी."

मोठ्या बाई : "मी म्हटलंच होतं." यांना दुसरं येतं काय.

२५ जुलै
चार दिवस जमिनीवर. आज पाटीचं कार्ड काढलं परत. माझ्याकडं बघत. माझ्या मनगटावर खपली धरलीय.

२८ जुलै, सोमवार
प्रा.नं पेढे आणले. साखरपुडा. मुलगा नाशिकचा. गुरुवारी शाळेतला शेवटचा दिवस. मोठ्या बाईंना माहीत. मामालाही माहीत!

"मला सांगायचं तरी."

"तुम्हाला का?"

म्हटलं, "गौरीला तरी सांगितलं?"

"बिथरेल ती. जाताना बघू."

इथं साधं हात धुवायलाही भिंतीवर चार चित्रं. आणि ही बया कायमची चालली तर एक फुलीसुद्धा नाही. खोटं मी बोललो म्हणे. थू.

पेढा खाल्ला. चांगला होता, म्हणून जास्तच चिडलो.

३१ जुलै, गुरुवार
शाळा सुटायच्या आधी उद्याची पट्टी लावली. वर प्रा.चा फोटो, त्यावर लाल फुली. गौरीला समोर बसवलं.

प्रा. : "कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला?"

"तुम्हीच."

गौरीनं फुलीवर बोट फिरवलं. प्रा.कडं बघितलं. मग फोटो उचकटला आणि 'झालं'च्या डब्यात टाकला. प्रा.नं ओढणी तोंडाला लावली. वाटलं होतं, मजा येईल बघताना. नाही आली.

मग गौरीनं वरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. ठेवूनच राहिली.

मोठ्या बाई आत येऊन : "नवीन मॅडम येईपर्यंत हिच्याजवळ कोण बसणार? उद्या परत डोकं आपटलं तर मी नाही ठेवून घेणार."

खिशात माझा पासपोर्ट फोटो. कॉलेजच्या फॉर्मसाठी काढलेला, चेहरा चोराचा. सकाळी लॅमिनेट का केला, माहीत नाही. पट्टीवर लावलं ते झालंच पाहिजे. आणि मी आजवर हातात घेतलेलं एक तरी...

तिचं बोट हळूच बाजूला केलं, फोटो दाबून लावला. कुणाकडं न बघता बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.