मावशीचं ‘मला’

अकोला, शुक्रवार, ११ ऑगस्ट २००६

पुण्याच्या मुलाखतीसाठी नर्सिंगच्या मॅडम महिनाभर माझी भाषा घासून राहिल्या. घ्या, लिहितानाही ‘घासून राहिल्या’ आलंच! “मले-तुले सोड, नाहीतर तिथे कोणी घेणार नाही,” म्हणतात. बाबांचंही पुण्याचंच, “शेतीत आता काही राहिलं नाही, तू पुण्याले जाय.”

म्हणून आज वॉर्डात शुद्ध बोलत होते. नवी पेशंट आली, आमच्याच अंजनगावची एक मावशी. पोटात कसं होऊन राहिलं ते भडाभडा सांगत होती. मधेच माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, “काहून वं पोरी, तू अंजनगावची काय?”

“नाही हो, मी इथलीच.”

का म्हणाले मी असं? मॅडम शेजारी उभ्या होत्या, एवढंच.

मावशीनं पदर सावरला. कुठे दुखतं ते मी पुन्हा विचारलं, तर मला म्हणाली, “मला... बरं आहे, मॅडम.”

मला! माझ्यासाठी तिनं ते ‘मला’ कुठून तरी शोधून आणलं आणि दुखणं गिळलं.

उद्या आधी तिच्याकडेच जायचं. “कुठी दुखून राहिलं वं मावशी?” आत्ता खोलीत मोठ्यानं म्हणून पाहिलं.

कोणाची तरी नक्कल केल्यासारखं वाटलं.