माठ दोन बोटं लांब

दि. ३

चि. चिमटी हिस काकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू आखलेले तीन सर्किट बोर्ड आमच्या कारखान्यात तयार झाले. दिसायला असे झालेत की काचेच्या कपाटात ठेवावेत. आणि खरं सांगायचं तर सध्या त्यांचा तेवढाच उपयोग आहे. चालू केलं की पडदा उजळतो, मधली मोठी चिप कामाला लागते न लागते तोच बोर्ड मान टाकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तान्ह्या बाळाचे श्वास मोजणारं यंत्र म्हणे! ते स्वतःच दर मिनिटाला नव्याने जन्म घेतंय.

मीटर लावून पाहिलं, वीज बरोबर आहे. पण मान टाकायच्या आधी मला चिलटासारखी बारीक कुंई ऐकू येते. दुसऱ्या कोणाला येत नाही. तुझी काकू म्हणते, वय झालं की कानात असे आवाज येतातच. पंचवीस वर्षं रेडिओ दुरुस्त करून हे कान कमावले, आणि घरात त्यांची ही किंमत!

कारखान्यात मी जाहीर करून टाकलंय की पोरीच्या पुस्तकी शिक्षणात काहीतरी राहून गेलं असावं. रागावू नकोस. तुझ्या आराखड्यात पसारा फार होता, तो मी थोडा आवरला. बाकी सगळं तुझंच. फोनवर आपण दोघंही नुसतं हो हो करतो, म्हणून हे कागदावर. गणित पुन्हा तपास. लोभ आहेच, तो वाढवत जा.

तुझा,
काका

दि. ७

ती. काकांस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमच्या बोर्डापेक्षा जास्त वेळ चाललं.

दोन दिवस गणित तपासतेय, चूक सापडत नाही. साहेबांनी विचारलं की मी हिशेबाने आखते की अंदाजाने. मी सांगितलं, आराखडा माझा, तेव्हा चूकही माझीच. वीस तारखेला बोर्ड त्यांच्यासमोर सलग तासभर चालला नाही, तर हे काम शेजारच्या टेबलावर जाईल. शेजारचा आत्तापासूनच माझ्याशी फार गोड बोलतोय.

काकूला सांगा, तुमचे कान शाबूत आहेत. वीज हेलकावली की ती साठवणारे कपॅसिटर थरथरतात, ती कुंई त्यांची. हेलकावा इतका झटपट असतो की मीटरला पत्ता लागत नाही. पण तो यावाच का? चिपच्या पोटाखाली मोहरीहून बारीक चारशे पाय आहेत. ती एकदम घोटभर वीज मागते आणि वीज येते बोर्डाच्या दुसऱ्या टोकाहून. तोवर तहान भागावी म्हणून तर मी बोर्डाच्या मागच्या बाजूला, बरोबर तिच्या पोटाखाली, बावीस छोटे कपॅसिटर ठेवलेत. हाताशी भरून ठेवलेले माठच म्हणा.

एक विचारू का? थोडं आवरलं म्हणजे नक्की काय आवरलं? लहानपणी तुम्ही एकदा माझं दप्तर आवरलं होतं. पुस्तकं उंचीप्रमाणे लागली, आणि गृहपाठाची वही सगळ्यात बुटकी म्हणून घरीच राहिली.

उत्तराची वाट पाहतेय. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
चिमटी

दि. ११

चि. चिमटी हिस आशीर्वाद, या वेळी जरा खालच्या आवाजात. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ते काकूपासून लपवलं. तेवढ्यावरून तिला सगळं कळलं.

ते बावीस माठ मीच हलवले. मागच्या बाजूला ते माळेतले मणी सांडल्यासारखे वाकडेतिकडे दिसत होते. माझा नियम तुला ठाऊक आहे: रांगेत लावलेलं काम अर्धं तपासलेलं असतं. म्हणून कडेला एका ओळीत उभे केले, शाळेत प्रार्थनेला उभे करतात तसे. दोनच बोटं लांब! जोडलेले तर आहेत, मग दोन बोटांनी काय बिघडतं, असं वाटलं. माझ्या रेडिओत ते वीतभर लांब असले तरी गाणं यायचं. तहान लागल्यावर विहीर खणणारे पुष्कळ पाहिले. माठ भरून गावाबाहेर नेऊन ठेवणारा मी पहिलाच.

भिंगाखाली काम करणाऱ्या बाईंना हे सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, चिपच्या मागची जागा रिकामी का, असं त्यांनी मला तेव्हाच दोनदा विचारलं होतं. चिलटाची कुंई टिपणाऱ्या कानांना ते मात्र ऐकू आलं नाही.

त्यांनीच जुन्या बोर्डावर चार कपॅसिटर पोटाखाली सोल्डर करून पाहिले. कुंई निम्मी झाली, बोर्ड दहा मिनिटं तगला. आता तुझ्या मूळ आराखड्यातला ठिपकाही न हलवता नवे बोर्ड करतोय. सतराला तुझ्या हाती पडतील. कारखान्यातली ती घोषणाही मागे घेतली, तितक्याच मोठ्या आवाजात.

तुझ्या साहेबांनाही लिहिलंय की चूक आखणारीची नव्हती, आवरणाऱ्याची होती. तीनदा लिहावं लागलं. पहिल्या दोन खर्ड्यांत चूक हळूहळू तुझ्याकडे सरकत होती; हलवाहलवीची खोड, दुसरं काय! तिसरा पाठवला.

लोभ उरला असेल तर कळव.

तुझा,
काका

दि. २१

ती. काकांस सा. न. वि. वि.

बोर्ड तासभर चालला. मग साहेब तो बंद करायला विसरले, तर संध्याकाळपर्यंत चालला. काम माझ्याकडेच राहिलं. शेजारचा पुन्हा पूर्वीसारखा तुसडं बोलायला लागलाय, म्हणजे सगळं ठीक आहे.

तुमचं पत्र साहेबांनी दोनदा वाचलं. पुढचे पन्नास बोर्डही तुमच्याकडेच द्या म्हणाले. अट एकच, आवरायचं नाही. आणि एक माझी: भिंगवाल्या बाईंनी काही विचारलं तर थेट मला कळवायचं.

मलाही एक कबूल करायचंय. पहिल्या आराखड्यात एक कपॅसिटर ओळीत छान दिसावा म्हणून मीच केसभर बाजूला घेतला होता. नव्या बोर्डांसाठी तुम्हाला आराखडा पुन्हा पाठवताना तो गुपचूप जागेवर आणला. पुतणी कोणाची!

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. कुठे असावा, ते कोणी लिहीत नाही. जवळ असावा, काका. पसारा दिसला तरी चालेल.

तुमची,
चिमटी