फोनवरचं ‘बरं’

आई,

धाकटा आंघोळीला गेला होता, म्हणून त्याचा फोन मी उचलला. नुसतं “हं, बोल” म्हणाले आणि तू सुरूच झालीस. “अरे, लॅबचा रिपोर्ट आलाय. ताईच्या अंडाशयातून काढलेली गाठ साधी नाही, कॅन्सरची आहे. फार क्वचित कुणाला होते म्हणे. तिला एवढ्यात काही बोलू नकोस, हाय खाईल ती.”

त्या गाठीतून पुरुषी हार्मोन पाझरत होते, म्हणून तर माझा आवाज असा घोगरा झाला. गाठ गेली, आवाज राहिला. “मला आता दोन मुलगे,” म्हणून तूच हसायचीस ना? आज त्याच आवाजाने तुला फसवलं.

खरं तर तुझ्यावर ओरडायचं होतं. गाठ माझी आणि मलाच पत्ता नाही! पण तिकडे तू रडत होतीस. मी “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला.

हे पत्र तुला देणार नाहीच. संध्याकाळी तू हसत येशील, “साधीच निघाली गं गाठ,” म्हणशील. मी नुसती मान हलवीन. “बरं” म्हणाले, तर तू ओळखशील.

तुझी,
ताई