फलाटाबाहेरचा डबा

४ ऑक्टोबर
आलो एकदाचे. ताईचा आरसा शाबूत, भांडी शाबूत, आणि माझ्या छोट्या आगगाडीची खोकी तर मी ट्रकमध्ये मांडीवर घेऊनच बसलो होतो. बायको असती तर तिलाही एवढं जपलं नसतंस, असं ताईने वाटभर ऐकवलं. आई गेल्यापासून मला तिनेच वाढवलं, त्यामुळे ऐकवायचा परवाना तिच्याकडे कायमचा आहे. घर लहान पण स्वच्छ, खिडक्या भरपूर. कचेरी चालत जाण्यासारखी. तिथे नकाशे काढायचं टेबलही उजेडात मिळालं. वरच्या मजल्यावर मालक राहतात. मागच्या बाजूला एक चिंचोळी खोली आहे, तिचं काय करायचं ते त्यांना आजवर सुचलेलं नाही. मला बघताक्षणी सुचलं. ताईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

६ ऑक्टोबर
लोक आधी रूळ टाकतात आणि मग गाडी मावत नाही म्हणून रडत बसतात. माझं उलट असतं. आधी सगळ्यात लांब गाडी ठरवायची. इंजिन आणि चार डबे जमिनीवर ओळीने लावले, टेप धरली. तेवढा फलाट, वर वीतभर मोकळी जागा. क्रॉसिंगसाठी बाजूची लाइनही तेवढीच हवी. वळण फार आवळलं तर डबे रुळावरून उतरतात, म्हणजे ते ऐसपैस हवं. हे सगळं कागदावर मांडलं तर दोन टोकांची दोन वळणंच खोली खाऊन टाकतात, मधे फलाटाला उरतं काय, चहाच्या ट्रेएवढी जागा.

एक डबा कमी कर की, असं ताई म्हणाली. संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

७ ऑक्टोबर
सुटलं कोडं. खोलीच्या शेवटच्या भिंतीपलीकडे जिन्याखालचं कपाट आहे, त्याचं दार बोळकांडीत उघडतं. भिंतीला भोक पाडायचं. गाडी आत जाईल, कपाटात गोल वळेल आणि त्याच भोकातून बाहेर येईल. एक वळण खोलीबाहेर गेलं की फलाट पुरा बसतो. मालकांना विचारलं तर ते हसत सुटले, जाताना भोक बुजवून द्या एवढंच म्हणाले.

११ ऑक्टोबर
झालं. दोन दिवस घरभर सिमेंटची धूळ, ताईची बडबड, पण झालं. स्टुलावर बसलो, बटण दाबलं. गाडी भोकात शिरली, आत चाकांची खडखड फिरली आणि इंजिन ऐटीत बाहेर आलं. ताई चहा घेऊन दारात उभी होती. तिने टाळी वाजवली. आता कबूल करत नाही. फलाटावर चारही डबे असे चपखल बसले की मी दोनदा जेवलो.

१४ ऑक्टोबर
आज गाडी आत गेली चार डब्यांची आणि बाहेर आली पाच डब्यांची.

पाचवा तपकिरी आहे. माझा नाही. काचा आतून धुरकटल्यासारख्या. इंजिन नेहमीच्या जागी सिग्नलपाशी थांबलं, त्यामुळे पाचवा डबा फलाटाबाहेरच राहिला. ताईची थट्टा असणार म्हणून तिच्यावर उखडलो. खेळण्यांचं दुकान या गावात कुठे आहे हेही मला माहीत नाही, म्हणाली. ती खोटं बोलली की तिचे कान लाल होतात. झाले नाहीत.

१५ ऑक्टोबर
तो डबा काढून पत्र्याच्या पेटीत ठेवला, कडी लावली. गाडी सोडली. पाच डबे. पेटी उघडली तर रिकामी.

इथेच सगळं बंद करायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण फलाटाबाहेर राहिलेला डबा माझ्याने बघवत नाही. उतारूंनी उतरायचं कुठे? घास घशाखाली जाईना. शेवटी करवत काढली, पट्टी कापली आणि फलाट भोकाच्या दिशेने डब्याएवढा वाढवला.

१८ ऑक्टोबर
पाचवा डबा पुरता फलाटाला लागला. आणि भोकाच्या तोंडाशी सहावा.

वाढवलेल्या फलाटावर चार माणसं उभी होती. बोटाच्या पेराएवढी. मी बाहुल्या कधीच विकत घेत नाही, मला रूळ आवडतात, माणसं नाही. सगळ्यांची पाठ माझ्याकडे होती. एकाला वळवून पाहिलं. पुढूनही पाठच होती.

१९ ऑक्टोबर
फलाट रिकामा आहे. ती चौघं गेली कुठे?

ताई सकाळीच चिडली, तिच्या खुर्चीत मी का बसलो म्हणून. मी बसलो नव्हतो. बैठक ऊबदार होती म्हणे. दुपारी न्हाणीघराचा नळ आपोआप सुरू झाला. मग तिने माझा हात धरून बसवलं आणि ते सगळं आवरायला सांगितलं, तिची शपथ घातली. ताईला घाबरलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं. रविवारी आवरतो म्हणालो.

२२ ऑक्टोबर, रविवार
आवरणारच होतो. सहाव्या डब्यापुरती शेवटची पट्टी टाकली, फलाट भोकाला टेकला. पूर्ण गाडी एकदा फलाटाला लागलेली बघायची होती. एकदाच.

गाडी आत गेली. कपाटाचं दार उघडं का टाकलंस, असं ताई बोळकांडीतून ओरडली, लावून घेते म्हणाली. दार लागल्याचा आवाज आला.

गाडी आली. सात डबे. सातवा भोकात.

ताईला हाक मारली. ओ नाही. स्वयंपाकघरात चहा उतू जात होता. कपाटापुढे तिच्या चपला.

संध्याकाळ
कपाटात रूळ आणि कोळिष्टकं, बाकी काही नाही. मालकांनीही शोधलं. कुठे बाहेर गेल्या असतील, येतील, म्हणाले. अनवाणी?

२३ ऑक्टोबर
भोकात बॅटरी मारली. सातव्या डब्याच्या खिडकीत अंबाडा. निळी शाल. दोरीला अडकवलेला चष्मा. पेराएवढी. माझी ताई.

डबा ओढला, येत नाही. जोड सोडवला तर आत सरकतो. कपाटाच्या बाजूने बघावं तर तिथे नाहीच. फलाट जिथवर असेल तिथवरच माणसं उतरतात. म्हणजे फलाट आत न्यायला हवा. दुसरं काही सुचत नाही. देवा, दुसरं काहीच सुचत नाही.

२४ ऑक्टोबर
कचेरीत गेलो नाही. एक पट्टी आत. आणखी एक. डबा तेवढाच मागे जातो. दर वेळी एका पट्टीने कमी पडतो.

घरातल्या सगळ्या खुर्च्या भरल्यात. दिसत कुणी नाही. बसायला गेलो तर मांडीवर बसल्यासारखं— उठलो.

२५ ऑक्टोबर
भोकातून हात पुरत नाही. कपाटातून आत जातो. मापं यात आहेत म्हणून वही खिशात—

आत पट्टी ठोकली. आणखी एक. टेप संपली तरी भिंत लागत नाही. कपाट एवढं खोल नव्हतं—

फलाट गुडघ्याला होता. आता कमरेला. चढून बसलोय.

डबा दिसला. तपकिरी, माझ्यापेक्षा उंच. ताई खिडकीत. तिचा तळवा काचेवर, माझ्या तळव्याएवढाच. मी काच ठोकली. ती रडतेय. मान हलवतेय— ये म्हणत नाहीये. माझ्या मागे बोट दाखवतेय—

मागे भोक. त्यातून उजेड. माझी खोली दिसते. केवढी मोठी आहे. पलीकडची भिंत नजरेत मावत नाही. एवढी जागा होती आणि मी—

खोलीत कुणीतरी माझ्या स्टुलावर बसलंय. पाठ इकडे. हात बटणा—